तीन वेगांचं पुरणयंत्र

सत्त्याण्णव साली मी नोकरी सोडायचं ठरवलं ते मेधाच्या खांद्यापायी. (मेधा म्हणजे आमची सौ. तिचं माहेर देवासातच, जुन्या दरबारी अधिकाऱ्यांचं घर. मी कारखान्यासाठी नागपूरहून आलेला इंजिनियर.) महालक्ष्म्यांना माहेरी पुरणाचं काम करून आली की तिचा खांदा आठवडाभर दुखे. म्हटलं, विजेवर चालणारं पुरणयंत्र काढू, घरोघरी खपवू आणि साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवू.

सहा महिने खपलो. तीन वेग, उलट फिरायची सोय, डाळ अडकली की आपोआप थांबणारी मोटर, वर लाल दिवा. दिवा कशाला, असं मेधानं विचारलं. मशीनला दिवा असतो, मी म्हणालो. कारखान्यातला योगेंद्र तर बघून खूश. "भिया, गजब चीज बनाई!" (त्यानं जन्मात पुरण वाटलेलं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.)

मेधा म्हणाली, एकदा आईला तरी विचारा. सासूबाईंना मशीनमधलं काय कळतंय, असं म्हणून मी राजीनामा लिहून खिशात घातला. तिची अट एकच, आधी माहेरी चालवून दाखवा, मग द्या.

सणादिवशी तीस पानं व्हायची होती. सासूबाई, म्हणजे प्रमोदिनीबाई, सोवळ्यात. शेजारच्या बायकाही बघायला जमलेल्या. मी मशीन ऐटीत ओट्यावर ठेवलं.

"जावईबापू, हा पट्टा कशाचा?" सासूबाईंनी लांबूनच विचारलं.

"अस्सल चामड्याचा. अजिबात घसरत नाही."

झालं! नैवेद्याच्या ओट्यावर चामडं! ओटा धुतला, सासूबाईंनी पुन्हा आंघोळ केली, शिजलेली डाळ गाईला गेली आणि नवी चढली. पाहुणे चार वाजेपर्यंत उपाशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मी फक्त पट्टा घसरण्याचाच विचार केला होता.

मशीन अंगणात गेलं. चौघीजणी गप्पा मारत हातयंत्रावर पुरण वाटू लागल्या, हसत, आरामात. मी मेधाला हळूच म्हणालो, रबराचा पट्टा लावतो, निदान तुझा खांदा तरी वाचेल.

"खांदा वाटून नाही हो दुखत," ती म्हणाली. "नंतर जाळी घासून दुखतो. चिकट पुरण भोकांतून निघता निघत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

माझ्या मशीनच्या जाळीला दुप्पट भोकं होती.

जेवणं झाल्यावर मी मुकाट्यानं परसात बसलो आणि सासूबाईंच्या यंत्राचं एकेक भोक काडीनं कोरून लख्ख केलं. जावई भांडी घासतोय म्हटल्यावर आख्खी गल्ली बघायला आली. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून मागणीही आली. मशीनला नव्हे, मला.

मेधानं तिघींनाही पुढच्या वर्षीचा होकार देऊन टाकला. फक्त म्हणाली, "संध्याकाळी पाठवीन हं. दिवसा त्यांची ड्यूटी असते."