टटलबाईंच्या सूपची बदनामी

नाश्त्याची घंटा दोनदा वाजवूनही टटलबाईंच्या खाणावळीत कुणी फिरकलं नाही. मक्याची भाकरी निवली, डुकराच्या मांसावर चरबी थिजली. बाई दारात आल्या, तर वरच्या खोल्यांत राहणारे त्यांचे सगळे भाडेकरू समोरच्या दुकानाच्या ओसरीवर शिळी बिस्किटं चघळत बसलेले.

"कर्नल, अहो, गार होतंय सगळं!"

कर्नल बॅग्बी कुठल्या पलटणीत होते हे आमच्या गावात कुणी विचारत नसे. त्यांनी रस्त्यात तंबाखूची पिंक टाकली. "आम्ही पडलो रानटी, बाई. तुमच्या स्वच्छ टेबलावर कसे शोभणार?"

हा सगळा विल्मॉटबाईंचा प्रताप. ही इंग्रज बाई मागल्या वर्षी आगबोटीने ओहायो नदीतून आली, टटलबाईंकडे राहिली आणि लंडनला जाऊन आमच्यावर पुस्तक लिहून मोकळी झाली. म्हणे आम्ही जाऊ तिथे थुंकतो, टेबलावर बूट ठेवतो, मुक्यानं बकाबका गिळतो. सगळं खरं होतं, त्यामुळे जास्तच झोंबलं. नदीपलीकडे केंटकीत गुलाम माणसांचा लिलाव होतो, त्यावरही एक पान होतं. ते मात्र कुणाला झोंबलं नाही. सगळ्यांनी ते उलटलं आणि पुन्हा थुंकण्यावर आले.

तरीही गावानं पुस्तक पचवलं असतं. शिव्या सगळ्यांना सारख्या होत्या, आणि आमच्या प्रजासत्ताकाला समता फार प्रिय. पण एका ओळीनं घात केला: 'गावात माणसांचं घर एकच, टटलबाईंचं. तिथलं सूप लंडनमध्येही मिरवेल.' झालं! बाई फितूर ठरल्या.

नवऱ्यामागे बाईंना या खाणावळीचाच आधार होता. आठवडाभर टेबल रिकामं राहिल्यावर त्या उठल्या आणि छापखान्यात गेल्या. संपादक हॅस्केल तेच पुस्तक इथे छापत होते. परदेशी पुस्तक छापताना लिहिणाऱ्याला विचारायची आमच्याकडे रीत नाही.

"हॅस्केलसाहेब, माझी बदनामी करा."

"काय?"

"ती स्तुती काढा हो. माझं सूप घाण आहे असं छापा. नाहीतर मी देशोधडीला लागेन."

हॅस्केल खुलले. "एका ओळीच्या बदनामीला कोण विचारतं, बाई? पानभर तरी हवी. पण मग दुसरं एखादं पान काढावं लागेल."

"काढा की. ज्याचं कुणाला काही वाटत नाही असं एखादं काढा."

नवं पुस्तक दुकानात मोठ्यानं वाचलं गेलं. टटलबाईंचं सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, त्यात केस, गाद्यांत ढेकूण! कर्नलचे डोळे पाणावले. "अरेरे, बिचारीला तर आपल्याहून जास्त हाणलंय! आपलीच आहे रे ती!"

चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, स्वातंत्र्यावर जोरदार भाषणं झाली, लंडनहून आलेली गावातली एकुलती एक प्रत चौकात जाळली, आणि सगळे तडक टटलबाईंकडे जेवायला आले. मुक्यानं बकाबका जेवले आणि घासूनपुसून ठेवलेल्या जमिनीवर मोठ्या आपुलकीनं थुंकले.

"बाई, ते भांडी धुतलेलं पाणी आणखी वाढा!" कर्नल ओरडले. सगळे हसले. बाईही हसल्या आणि पातेलं आणायला आत गेल्या.

चुलीपाशी स्वयंपाकीण ड्रुसिला हात पुसत उभी होती. सूप तिचंच. ती केंटकीतून सुटून आलेली, तिचा भाऊ एब्राम मात्र लिलावात दक्षिणेकडे विकला गेलेला. विल्मॉटबाईंनी याच चुलीपाशी बसून तिच्याकडून ते सगळं ऐकून घेतलं होतं. जळालेल्या प्रतीतलं ते पान टटलबाईंनीच तिला एकदा वाचून दाखवलं होतं.

"बाई, नवं पुस्तक आलंय ना? माझ्या एब्रामचं तेवढं वाचा की. आता हे गावोगाव जाईल. कुणीतरी वाचेल, त्याला ओळखेल."

टटलबाईंनी पुस्तक उघडलं. एब्रामच्या जागी केस होते, ढेकूण होते. ड्रुसिलाला वाचता येत नव्हतं. बाई सूपवर नजर ठेवून आठवेल तसं बोलू लागल्या: नाव, उंची, लिलावाच्या ओट्यावर त्यानं मारलेली हाक.

"आणि भुवईवरचा व्रण? मागं होता की तो."

"तो... काढला त्यांनी."

ड्रुसिलानं उघड्या पानाकडे पाहिलं. "तेवढंच काढलं ना, बाई?"

टटलबाईंनी पुस्तक मिटलं.

"हो गं. तेवढंच."