बनसोडे सिस्टरांचा एकच प्रश्न

लोक भेटल्यावर रामराम करतात, जेवलात का विचारतात. बनसोडे सिस्टर विचारायच्या, “वारा सरला का?”

आणि तेही कुजबुजत नाही. परभणीतल्या आमच्या दवाखान्यात पोटाच्या ऑपरेशनचा वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. दारातूनच त्या असा आवाज टाकायच्या, की शेजारच्या स्टोअरमध्ये कापसाचे गठ्ठे लावत बसलेला मीसुद्धा दचकून स्वतःच्या पोटाचा विचार करायचो. तलाठी असो, हेडमास्तर असो, नाहीतर मोंढ्यातला अडत्या, सगळ्यांना हाच सवाल. आतडी जागी झाल्याची ती खूण. त्याआधी पाण्याचा थेंब नाही. एका प्राध्यापकांनी लाजून इंग्रजीत उत्तर दिलं, तर म्हणाल्या, “इंग्रजी ऱ्हाऊ द्या सर. सरला का न्हाई, तेवढं सांगा.”

पेशंटला चोरून चहा पाजू बघणाऱ्या नातेवाइकांची त्या अशी झडती घ्यायच्या, की पोलिसांनी येऊन शिकावं. वॉर्डात त्यांना कैदाशीण म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. हॉटेलात चहा प्यायलासुद्धा माणसं बाजू बघून बसत. अशात गंगाखेडकडचे एक बडे जमीनदार, आबासाहेब, आतड्याला पीळ पडून आमच्याकडे आले. सोबत भाचा आणि घरचा तांब्या. सिस्टर कुठल्या वस्तीतल्या, याची चौकशी भाच्याने आल्याआल्याच करून ठेवली होती. त्यांच्या हातची सुई चालेल, सलाईन चालेल, पाणी मात्र घरच्या तांब्यातलं आणि घरच्याच हातचं. अंगात शिरणारी सुई कशी काय चालते, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांचा घसा कोरडा पडला. सिस्टरांनी प्रश्न टाकला.

“सरला,” भाचाच बोलला. “म्या सवता ऐकला. आईशप्पथ!”

सिस्टरांनी आबासाहेबांच्या पोटावर हात ठेवला. ते फुगून टणक झालं होतं.

“पानी गेलं तर उलटी व्हईल, टाके तुटतील, हकनाक जाईल मानूस. गंगाजळ पाजायची घाई झाली का तुमाला?”

भाच्याची नजर मात्र तांब्यावरून हलेना. सिस्टरांनी ते पाहिलं. सगळ्या वॉर्डादेखत त्या वाकल्या, तांब्या उचलला, दोन्ही हातांनी चांगला कुरवाळला आणि होता तिथे ठेवला.

“पाजा आता.”

भाच्याला घाम फुटला. नळाचं पाणी चालणारं नव्हतं, ते अख्ख्या गावाचं. आणि घरचा तांब्या तर बाटला. आमच्या स्टोअरला इतकं पक्कं कुलूप मी कधी पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत आबासाहेबांचं सोवळंही घशासारखं सुकलं. “माय, त्यातलंच पाज,” ते हात जोडायला लागले. “तुज्याच हातानं पाज.”

“वारा सरल्याबिगर न्हाई.”

ओल्या बोळ्याने त्यांचे ओठ मात्र त्या पुसत राहिल्या. नाकातली नळी बघायच्या, कूस बदलून द्यायच्या. ड्यूटी संपली तरी खाटेपासून उठल्या नाहीत.

सकाळी तो सरला. अख्ख्या वॉर्डाने ऐकला, साक्षीदाराची गरज पडली नाही. पलीकडच्या खाटेवरच्या ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या आणि टाके ओढले म्हणून कण्हला. सिस्टरांनी तोच तांब्या धुतला, उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि आबासाहेबांच्या तोंडात एक चमचा घातला. त्यांनी डोळे मिटून तो गिळला.

“लय उपकार झाले, पोरी.”

सिस्टर ताडकन उठल्या आणि थेट स्टोअरमध्ये आल्या. आता झकास किस्सा ऐकायला मिळणार म्हणून मी स्टूल पुढे सरकवलं. त्या रडत होत्या. खरं सांगतो, मी घाबरलो.

“आमच्या बापाचंबी पोटाचंच आपरेशन झालतं,” त्या म्हणाल्या. “मी नर्सिंगला जायच्या आधी. पानी पानी करायलता. तिथली शिष्टर न्हाई म्हणून गेली. मला बघवंना. मी पोटभर पाजलं. सकाळपत्तर टिकला न्हाई.”

मी गठ्ठ्यातला कापूस तोडून पुढे केला.

“आन् जाताना,” त्यांनी पदराने नाक पुसलं, “डोक्यावर हात ठिवून म्हणला, लय गुणाची हायस, पोरी.”