देणाऱ्याने सांगितलेले उत्पन्न

श्रीमंती नुसती दिसली तरी लोक मान्य करतात. गरिबी मात्र सिद्ध करावी लागते. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या एका लहान शहराच्या नगरपरिषदेने (नाव देत नाही; पाहणीचा निकाल लागेपर्यंत शहराचे नाव जपण्याचा ठराव एकमताने झालेला आहे) आपल्या हद्दीतल्या गरिबांना पुराव्यानिशी गरीब ठरवायचे मनावर घेतले, तेव्हा कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. गरिबांना तर मुळीच नाही. त्यांना पुरावे गोळा करण्याची सवय असते.

पाहणीचे पूर्ण नाव 'नागरी रोजगार, उत्पन्न व दारिद्र्य पाहणी'. सोबत चौसष्ट पानांची मार्गदर्शक पुस्तिका होती. प्रभाग चारमध्ये घरोघर जाऊन फॉर्म भरण्याचे काम वनमालाकडे आले. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती आणि नगरपरिषदेत कंत्राटी होती. मानधन एका कुटुंबामागे अठरा रुपये. (कुटुंब घरी नसल्यास नऊ.) माणूस खोटे बोलू शकतो, बेरीज बोलू शकत नाही, अशी तिची श्रद्धा होती आणि या श्रद्धेला तोवर कुठे धक्का लागलेला नव्हता.

पहिला आठवडा रोजगाराचा होता आणि तो फार आनंदात गेला. पुस्तिकेच्या सातव्या पानावर म्हटले होते की, मागील सात दिवसांत ज्याने एक तास काम केले तो रोजगारात आहे. या एका वाक्याने प्रभाग चारचे भाग्य उजळले. चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातपासून उभे राहणारे लोक 'प्रतीक्षाधीन स्वयंरोजगार' या सदरात गेले. तेरा तरुणांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'भावी नगरसेवक' असे छापलेले होते. त्यांना भविष्यातला रोजगार आजच मिळाला. माऊली नावाचा पदवीधर सहा वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. त्याने मंगळवारी शेजाऱ्यांचा गॅस सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर चढवला होता. चढवायला वीस मिनिटे लागली, पण गाडीची वाट पाहण्याची चाळीस धरल्यावर तोही कामाला लागला. एकूण सहाशे बारा कुटुंबांत बेरोजगार निघाले दोन. त्यातल्या एकाने खरे सांगितले, आणि दुसरा झोपलेला असल्यामुळे त्याच्या आईने सांगितले.

दुसऱ्या आठवड्यात उत्पन्न आले, आणि उत्पन्नाबरोबर बायनाबाई.

बायनाबाई मूळची दिंद्रुडकडची. ती आणि तिचा नवरा सटवा दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. त्या धंद्यात मोजण्याचे एकक 'कोयता' असते: नवरा-बायको मिळून एक कोयता. एक अधिक एक बरोबर एक, हे समीकरण वनमालाला एम.एस्सी.ला शिकवलेले नव्हते. तिने ते वहीत उतरून घेतले. पुढे फडात मोळी उचलताना सटवाची कंबर गेली आणि बायनाबाई अर्धा कोयता उरली. अर्ध्या कोयत्याकडे मुकादम धड बघत नाही. म्हणून ती शहरात आली, जिथे माणसाला पूर्ण माणूस म्हणून मोजतात. (मोजण्याचे काम सध्या चालू आहे.)

आता ती चार घरची भांडी घासत होती आणि परक्याच्या प्लॉटवर पत्रे टाकून राहत होती. घरात अंथरुणाला टेकलेला सटवा आणि सहावीतली नात. रेशनकार्डावर माणशी पाच याप्रमाणे महिन्याला पंधरा किलो धान्य मिळे. त्यावर घर वीस तारखेपर्यंत चाले आणि पुढचे दहा दिवस पगारावर. या पाहणीत गरीब ठरली तर कार्ड राहणार होते. न ठरली तर पुढच्या एक तारखेपासून बंद.

"मावशी, महिन्याला किती मिळतात?" वनमालाने विचारले.

"अक्कासायबाकडं सातशे, सराकडं सहाशे, डाक्टरीनबाईकडं आठशे अन् त्रिंबकशेटकडं पाचशे. झाले किती?"

"सव्वीसशे."

"तितकेच? म्या दर बारीला जास्त धरते माय."

वर्षाचे झाले एकतीस हजार दोनशे. मर्यादा एकोणसाठ हजारांची. वनमालाने समाधानाने पेनाला टोपण लावले, आणि मग सवयीने पान एकतीस उघडून पाहिले. सवय वाईट होती. तिथे नियम नऊ होता: "उत्पन्न घेणाऱ्याने सांगितलेले ग्राह्य धरू नये, कारण गरीब व्यक्तीचा कल आपले उत्पन्न कमी सांगण्याकडे असतो. ते देणाऱ्याने सांगितलेले ग्राह्य धरावे, कारण देणाऱ्यास ते कमी सांगण्याचे कारण नसते."

नियम शास्त्रीय होता. देणाऱ्याला कमी सांगण्याचे कारण खरोखरच नसते. जास्त सांगण्याबद्दल पुस्तिका काही बोलत नव्हती. शिवाय कागदाची बचत व्हावी म्हणून सगळ्या मालकांसाठी मिळून एकच तक्ता होता: एकाखाली एक नाव, रक्कम, सही.

पहिले नाव आडत दुकानदार त्रिंबकशेठ यांचे. त्यांनी पेन घेतले, तक्ता वरून खालपर्यंत पाहिला आणि विचारले, "खाली अजून कोन कोन लिव्हनार हाय?"

"बद्रीनाथ सर, डॉक्टर दिपाली मॅडम आणि अक्कासाहेब."

त्रिंबकशेठनी ती नावे बोटांवर मोजली. मग त्यांनी पंधराशे लिहिले.

"शेठ, मावशी पाचशे म्हणाल्या होत्या."

"आवो मॅडम, हातात पाचशे. रोजचा च्या हाय, संक्रांतीचं वाण हाय, दिवाळीला पातळ हाय. ते धरायचं का न्हाई?"

चहा धरला गेला. (चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला असतो. त्याचे भाडे मात्र शेठनी धरले नाही. मन मोठे आहे.)

बद्रीनाथ सर कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात. त्यांनी चष्मा पुसून वरची ओळ वाचली. "त्रिंबकशेठ पंधराशे देतो?" असे म्हणून ते आत गेले. आत थोडी कुजबुज झाली, एक भांडे आपटल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन सरांनी दोन हजार लिहिले.

"सर, सहाशे ना?"

"सहाशे रोख. त्यात आरोपित मूल्य मिळवावं लागतं. आपण तिला उरलेली भाजी देतो. भाजीला बाजारभाव आहे की नाही?"

"शिळ्या भाजीला?"

"तोच तर अर्थशास्त्रातला वादाचा मुद्दा आहे," सर समाधानाने म्हणाले.

डॉक्टर दिपाली यांच्या ओपीडीत गर्दी होती. पगार कंपाउंडर देत असल्यामुळे किती देतो हे आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण वरचे दोन आकडे पाहून निदान केले आणि अडीच हजार लिहून पुढच्या पेशंटला आत बोलावले.

शेवटी अक्कासाहेब. सत्यशीलाबाई हे त्यांचे नाव, पण ते फक्त मतदार यादीत आहे. त्यांचे यजमान विजयसिंह माजी नगराध्यक्ष, आष्टीकडे नव्वद एकरांचे मालक आणि याच पाहणीच्या देखरेख समितीचे अध्यक्ष. अक्कासाहेबांनी तक्ता हातात घेतला आणि पाच हजार लिहिले. हिरव्या शाईत.

"अक्कासाहेब, सातशे..."

"ह्यो कागद जिल्ह्याला जानार. तिथं आमचे व्याही बसतेत. मास्तर दोन हजार देतो अन् आमी सातशे, हे वाचून ते काय म्हनतील? आमच्या पोरीला तिथं नांदायचं हाय."

हे कारण पुस्तिकेत नव्हते, पण खरे होते.

वनमालाने बेरीज केली. अकरा हजार महिना. वर्षाचे एक लाख बत्तीस हजार. तिने ती तीनदा केली, कारण हा आकडा तिच्या स्वतःच्या मागच्या वर्षीच्या मानधनापेक्षा चौदा हजारांनी जास्त होता. अशा रीतीने चार दिवसांत, एक भांडेही जास्त न घासता, बायनाबाईचे उत्पन्न चौपटीहून अधिक झाले. इतक्या वेगाने दारिद्र्य हटवल्याचे दुसरे उदाहरण निदान या नगरपरिषदेच्या दप्तरात नाही. समितीने 'स्वकष्टाने दारिद्र्याबाहेर' असा शेरा मारला आणि रेशनकार्ड एक तारखेपासून रद्द करण्याची नोटीस पाठवली.

नोटीस आणि तक्ता वनमालाने तिला वाचून दाखवला. बायनाबाई आधी पदर सावरून, मग हनुवटीला हात लावून ऐकत राहिली. शेवटच्या ओळीला तिने थांबवले.

"म्हंजी अक्कासायब मला म्हैन्याला पाच हजार देत्यात?"

"कागदावर."

"मंग बाकीचे कुटं हायती?"

बायनाबाईने दोन रुपये देऊन तक्त्याची झेरॉक्स काढली, घडी करून कनवटीला लावली आणि चारही घरी गेली. तिचे म्हणणे सगळीकडे एकच होते. "कागदावानी पगार करा, न्हाईतर पगारावानी कागद करा. म्या दोन्हीला राजी हाय."

त्रिंबकशेठ म्हणाले, "आगं, ते सरकारसाठी लिव्हलंय. तुज्यासाठी न्हाई." सर म्हणाले, बाई, हे आरोपित आहे. डॉक्टरांच्या कंपाउंडरने नंबर लावून बसायला सांगितले. आणि अक्कासाहेबांना वाईट वाटले.

"कावून गं बायना, तोंडी लागतीस? कागदावर तुजीच इज्जत वाढवली ना म्या?"

"वाढवली अक्कासायब, लई वाढवली. पर इज्जत दळून आनता येत न्हाई."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या प्रभागात पसरले. दुसऱ्या दिवशी त्रिंबकशेठ आणि सर या दोघांनी (जे गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नव्हते) एकाच सुरात निरोप धाडला की, वातावरण निवळेपर्यंत महिनाभर कामाला येऊ नये. बायनाबाईचे खरे उत्पन्न पंधराशेवर आले. कागदावरचे अकरा हजारांवर ठाम राहिले. वनमालाने दोन्ही रेषांचा आलेख काढला. अशा आलेखाला शास्त्रात नाव नाही. गावात आहे, पण ते छापता येत नाही.

ती आलेख घेऊन विजयसिंहांकडे गेली. बैठकीत त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवले. "मॅडम, तुमच्या प्रभागात गरिबी उतरली. ह्याचं श्रेय तुमाला. बोला."

"दादा, बायनाबाईंचे आकडे चुकीचे आहेत."

"चार इज्जतदार मानसांच्या सह्या हायत. तुमी चौघांलाबी खोटं म्हनता का?"

"मी आकडा खोटा म्हणते."

"बेरीज बरोबर हाय. म्या सोता मोबाईलवर करून बगितली." ते प्रेमाने म्हणाले, "तुमचं कंत्राट मार्चपर्यंत हाय ना?"

वनमाला घरी आली आणि पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली. पान अठ्ठावन्नवर, तळटीपेत, सापडले. देणाऱ्यांच्या आकड्यांवर हरकत असल्यास 'प्रचलित दराचा दाखला' जोडावा. दाखला देणारी व्यक्ती सुशिक्षित असावी, प्रभागाबाहेरची असावी आणि तिच्या स्वतःच्या घरी भांड्यांना बाई येत असावी. तिने आपण प्रत्यक्षात देतो ती रक्कम लिहून सही करावी. असा एक दाखला मिळाल्यास चारही आकडे फेरविचारास घेता येतील. एकच दाखला. पंधरा किलो धान्यासाठी एक सही, हा दर कोणालाही परवडण्यासारखा होता.

सुट्टीच्या दिवशी आणि कामानंतर वनमाला शहरातल्या भल्या माणसांकडे जाऊ लागली. बँकेचे अधिकारी, दोन वकील, निवृत्त तहसीलदार, स्त्रियांच्या अदृश्य श्रमांवर प्रबंध लिहिलेल्या एक प्राध्यापिका. सगळ्यांनी तिला बसवून घेतले, तक्ता नीट वाचला आणि ते मनापासून हळहळले. नंतर तिने पेन पुढे केले. तिच्या नोंदी अशा: भेटी सत्तावीस. "काय हे लोक असतात!" म्हणणारे सत्तावीस. डोळ्यांत पाणी आलेले तीन. पेन हातात घेतल्यापासून महत्त्वाचा फोन येईपर्यंतचा सरासरी काळ अकरा सेकंद. सहा घरी चहाचे कप उचलायला तीच बाई आली, जिच्याबद्दल दाखला लिहायचा होता, आणि तिच्यासमोर तो विषय बरा दिसला नसता. प्राध्यापिकाबाईंनी तर रकमेच्या जागेवर 'समाधानकारक' असे लिहून दिले. तो दाखला आकडा नसल्यामुळे परत आला. ग्राह्य सह्या शून्य.

आज एकोणतीस तारीख आहे. दुपारी दोन घरची भांडी उरकून बायनाबाईचा फोन आला.

"ताई, घावलं का कुनी?"

"अजून नाही मावशी. लोक वाचतात, सही करत नाहीत."

"वाचनारे हायती ना? मंग घावल की. वाचनारी मानसं चांगली आसत्यात." आणि तिने फोन ठेवला, कारण डब्यात किती उरले आहे हे तिला पाहायचे होते.

दाखला एका ओळीचा आहे: 'माझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी दरमहा रु. ______ देतो / देते.' खाली नाव, पत्ता, सही. दाखला देणारा सुशिक्षित हवा. आपण इथवर वाचत आलात, म्हणजे तो प्रश्न मिटला. प्रभाग चारचा रहिवासी नको, आपण नाही. (ज्यांच्या घरी बाई येतच नाही त्यांना हे लागू नाही. त्यांनी भांडी घासायला उठावे.) मुदत परवा सायंकाळी पाचपर्यंत. आपला आकडा एव्हाना मनात आलाच असेल. तो रिकाम्या जागेत स्वच्छ अक्षरात लिहावा, आणि मनात आल्यापासून लिहीपर्यंत त्यात जेवढी वाढ केली असेल तेवढी कंसात दाखवावी.