बांडगुळावर मोकळं व्याख्यान

मी काय शिकवायचं, हे मला कुणी सांगायचं नाही! स्टाफरूममध्ये हे वाक्य मी इतकं ठणकावतो, की आता सहकारी चहाचा कप आधीच हातात धरून ठेवतात.

तर मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत मी विषय दिला, 'बांडगूळ : दुसऱ्याच्या रसावर पोसणारी वनस्पती'. फलक लागला आणि विभागप्रमुख नवनीत सर धावत आले. चेहरा भिजलेल्या पापडासारखा!

"मेलो! हेमकांतआबांचा फोन आला!"

हेमकांतआबा म्हणजे व्यवस्थापन परिषदेवर सरकारने नेमलेले पुढारी. ते खोकले तर कुलगुरूंना सर्दी होते!

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'त्या बांडगुळवाला मास्तरले सोडू नका! मी यी ऱ्हायनू!' अहो, त्यांनी ते स्वतःवर घेतलं!"

"घेऊ द्या! मी एक शब्द बदलणार नाही!"

"तुमची नोकरी कायम करायची फाइल त्यांच्याच परिषदेपुढे आहे."

मी एक शब्द बदलला. बांडगुळाऐवजी 'आश्रित वनस्पती'.

"आश्रित?" सर किंचाळले. "आबांचा भाचा त्यांच्याकडेच राहतो!"

"मग वेल?"

"वेल या झाडावरून त्या झाडावर जाते. आबांचा हा तिसरा पक्ष!"

संध्याकाळपर्यंत माझं व्याख्यान 'गुलाब : एक सुंदर फूल' होऊन बसलं. बायकोला वाचून दाखवलं. चेतना म्हणाली, "छान आहे. बालवाडीचं आहे का?"

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च. आबा पहिल्या रांगेत, शेजारी भाचा. मी सुरुवात केली, "गुलाबाला काटे असतात..." काटे म्हणताच नवनीत सर खुर्चीत दचकले!

पाचव्या मिनिटाला आबा उभे राहिले. "थांबा! बांडगूळ कोठे शे?"

"ते... वगळलं, आबा."

"कोन्ही वगळं?"

मी नवनीत सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

"मन्ही आंबानी बाग बांडगुळनी खाई टाकी! मास्तर निंघी जाई म्हनीसन मीच फोन करा व्हता, त्याले सोडू नका! आनि तुम्ही गुलाब दखाडी ऱ्हायनात? बोला बांडगूळवर! मोकळं बोला!"

हुकूमच झाला! मग मी मोकळं बोललो. दुसऱ्याच्या फांदीवर ते कसं बसतं, आयता रस कसा पितं, झाड वाळत चाललं तरी स्वतः कसं हिरवंगार राहतं! सभागृह खो खो हसत होतं. आबा तर सगळ्यांत मोठ्याने, भाच्याकडे बोट दाखवून! भाचा मागच्या रांगेकडे बोट दाखवत होता.

"उपाय काय?" आबांनी विचारलं.

"बांडगुळाच्या खालून फांदीच कापायची!" मी गरजलो.

"मंग सकायले मन्हा गावले, प्रकाशाले या. कोयता मी देस."

गेलो. काय करणार? भाच्याला उंचीची भीती वाटते म्हणे, म्हणून झाडावर मीच चढलो. शास्त्र माझं, कोयता माझ्या हातात. फक्त कोणती फांदी कापायची आणि कोणती ठेवायची, ते खाली खाटेवर बसून आबा सांगत होते!