मीठ शिंपडणारा हात

"प्रशिक्षण अगदी मोफत," असं कोकोरोक चिकनची शाखा गावात काढायला निघालेल्या पुरिंगला कंपनीच्या सेबू शहरातल्या कचेरीत सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. करारात एवढंच होतं, की नोकर परीक्षेत पास होईपर्यंत शिकवणाऱ्याचं राहणं-खाणं दुकानाच्या मालकाकडे. पुरिंगनं मनात म्हटलं, एक माणूस खाऊन खाऊन किती खाईल?

तो माणूस म्हणजे आर्नुल्फो. बोटीतून उतरला तेव्हा काडीसारखा होता. गावात हॉटेल नाही, म्हणून तो पुरिंगच्याच घरी उतरला. तिच्या सासूबाईंनी, देमेत्रियाबाईंनी, त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि पदर खोचावा तसा एप्रन कसला. "अगं, हा पोरगा हाडांवर उभा आहे!"

पहिल्याच रात्री गवती चहा आणि शेवग्याचा पाला घातलेला कोंबडीचा रस्सा झाला. दुसऱ्या दिवशी नारळाच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेला ताजा मासा. इकडे दुकानात पुरिंगचे दोन नोकर, जोनालिन आणि रोडेल, सरावासाठी कोंबड्या तळत होते, हसून "पुन्हा या हं" म्हणत होते आणि रोज नापास होत होते.

"आज काय चुकलं, सर?" पुरिंगनं विचारलं.

"रोडेलचं हसू डावीकडे कलतं."

"जन्मापासून कलतं हो ते! आईवर गेलाय."

"आणि जोनालिनचा मीठ शिंपडताना हात बसलेला नाही अजून."

गावची जत्रा, फिएस्ता, तोंडावर आली होती आणि नोकर पास झाल्याशिवाय दुकान उघडता येत नव्हतं. नवरा जहाजावर राबून पाठवायचा, ते सगळं पुरिंगनं या दुकानात ओतलं होतं. फिएस्ताची गर्दी हुकली, तर वर्षभर माश्या मारायची पाळी. रस्त्यापलीकडची बार्बेक्यूवाली तर येता-जाता विचारायची, "काय पुरिंग, कोंबडी शाळेतून सुटली का?"

एका संध्याकाळी मागच्या दाराशी आर्नुल्फो आणि सासूबाईंचं बोलणं तिच्या कानावर आलं.

"मावशी, उद्या काय?"

"उद्या केळीच्या पानातला चिकट भात करणार होते. पण तुझं काम संपत आलं म्हणे."

"छे छे! जोनालिनचा हात कुठे बसलाय!"

पुरिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी तिनं सासूबाईंच्या हातून पळी काढून घेतली.

"आजपासून सर कोकोरोकचंच चिकन खाणार. सरावाचं एवढं उरतं, वाया का घालवायचं?"

"पाहुण्याला दुकानातलं? लोक काय म्हणतील?"

"कोण काय म्हणणार? त्यांच्याच कंपनीचं आहे ना?"

न्याहारीला कुरकुरीत तंगडी. दुपारी कुरकुरीत पंख. रात्री तंगडी आणि पंख. आर्नुल्फोनं स्वयंपाकघराकडे एकदा आशेनं पाहिलं. सासूबाईंनी डोळे पुसत तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीची थाळी समोर येताच तो उठून उभा राहिला.

"दोघंही पास!"

"आणि रोडेलचं हसू?"

"गोड आहे. असू दे."

दुकान फिएस्ताच्या आदल्या दिवशी उघडलं, आणि तळता तळता पोरांना घाम पुसायला उसंत राहिली नाही. पण आर्नुल्फोला बोटीवर सोडायला गेलेल्या पुरिंगला चैन पडेना. तिनं चिकट भाताची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "रात्री उठून केलाय आईंनी. रागावू नका, सर."

"राग कसला? बारा गावं फिरतो मी, ताई. नापास करावंसं वाटलं असं हे पहिलंच घर." मग त्यानं पिशवीतून एक कागद काढला. "एक राहिलंच. मालकाचं प्रशिक्षण. सेबूला. तुमचं राहणं-खाणं कंपनीच्या खर्चानं."

"राहायचं कुठे?"

"कंपनीनं आमच्याच घरी सोय ठरवलीये. आई स्वयंपाक करते."

फिएस्ता उरकून पुरिंग गेली. दोन दिवसांचं काम होतं. आठवडा उलटला, तेव्हा सासूबाईंनी फोन लावला.

"पुरिंग, येतेस कधी गं? पास झालीस की नाही?"

पलीकडून आधी भुरका ऐकू आला, मग सावकाश घास गिळल्याचा आवाज.

"नाही हो, आई. मीठ शिंपडताना माझा हात अजून बसलेला नाही."