पेंडसे बोट वर करतात

मौन हे विद्वानाचं भूषण आहे, असं आपल्याकडे मानतात. ब्राउनश्वाइगच्या प्राथमिक शाळेत या भूषणाला चार देतात. इथे एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे कसंबसं पास.

म्हणूनच दोन हजार आठच्या सुमारास आमच्या वरच्या मजल्यावरच्या पेंडशांकडे लोणचं हवं असलं, तरी तर्जनी वर करून थांबावं लागे. त्यांची इरा चौथीत होती. लेखी कामात सगळीकडे एक, वर्गात बोलण्याचे मात्र चार. चौथीनंतर कोणी गिम्नाझिउमला, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत जावं, याची शिफारस वर्गाच्या बाई करतात, आणि तोंडच न उघडणारी मुलगी तिथे टिकेल का, अशी त्यांना शंका होती. म्हणून घरी सराव. एकदा त्यांच्याकडे जेवताना मी बोट विसरलो आणि तुपाविना भात खाल्ला. शेवटी वहिनींनीच रीतसर बोट वर केलं.

"बोला," पेंडसे म्हणाले.

"भांडी कोण घासणार?"

वर्गात शांतता पसरली.

पेंडशांना इथल्या शाळेचा भयंकर हेवा वाटे. पोरं सकाळी अंधारातच एकटी चालत निघतात. दारात बाई हात मिळवतात. मधल्या सुट्टीत थंडी असो, पाऊस असो, सगळ्यांना पावाच्या डब्यांसकट अंगणात हाकलतात, आणि दुपारी इकडे कुकरची शिट्टी होते न होते तोच शाळा सुटून पोरं घरी हजर. "म्हणजे बघा, याला काय शाळा म्हणतात?" ते म्हणत. "आम्ही बोललो की बाकावर उभे." यात तक्रार किती आणि हळहळ किती, ते मला कधीच कळलं नाही.

पण खरा हेवा होता तो योनासचा. हा इराच्या शेजारी बसणारा मुलगा. तो आधी बोट वर करी आणि मग विचार करी. पेंडसे रोज संध्याकाळी इराकडून शाळेचा दिवस वदवून घेत आणि प्रत्येक तासाबद्दल विचारत, योनास काय म्हणाला? एकदा बाईंनी पानं का गळतात ते विचारलं. योनास म्हणाला, झाडाला त्यांचा कंटाळा येतो. बाई म्हणाल्या, वा, छान विचार. खरं कारण इराला ठाऊक होतं. ती गप्प होती. पेंडशांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पालकसभेला त्यांनी मला दुभाष्या म्हणून नेलं. स्वतः पेंडसे ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकच जर्मन शब्द वापरत: गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. इराला थोडी सवलत मिळेल का, हे मी नम्रपणे विचारायचं ठरलं होतं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. तोंडी सहभागाचा विषय निघाला आणि मी घसा साफ करतोय तोवर शेजारी एक बोट वर गेलं.

पेंडसे उभे राहिले. जर्मन मोडकं होतं, पण मला भाषांतर करावं लागलं नाही. "इराला सगळं येतं. गप्प बसायला ती माझ्याकडून शिकली. मी ऑफिसातही गप्पच असतो. आठवडेच्या आठवडे. तुम्ही मार्क माझे कापा."

बाईंनी हळुवारपणे सांगितलं, की वडिलांचे मार्क कापायची नियमात सोय नाही.

पुढचा विषय पालक प्रतिनिधीचा होता. हे काम कोणालाच नको असतं, त्यामुळे सगळे आपापले बूट पाहू लागले. नुकताच उभा राहून बोललेला माणूस एकच होता. पेंडसे एकमताने निवडून आले.

परतताना आम्ही ट्रामच्या थांब्यापर्यंत आलो. तिथे थांबून पेंडसे म्हणाले, "अहो, ती घरी जागी असेल. मी बोललो, हे तुम्ही सांगा तिला. मी सांगितलं तर खरं वाटायचं नाही."

मी सांगितलं. इराने वडिलांकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यांसमोर?"

त्या वर्षी इराला गिम्नाझिउमची शिफारस मिळाली. योनासलाही मिळाली.