मोहिते सरांच्या चोवीस बिया

आमच्या शेजारच्या मोहिते सरांकडे 'अकरावीला कुठले विषय घेऊ' असं विचारायला गेलं, की ते मार्क विचारत नाहीत. ते आत जातात, स्टीलच्या वाट्यांची चवड घेऊन येतात आणि तुमच्यापुढे ताटात काजूच्या सुक्या बिया ओततात. बिया चोवीस. एक बी म्हणजे दिवसाचा एक तास. मग खुर्चीत टेकून म्हणतात, "हां, लावा आता."

पहिल्यांदा आलेल्या आईबापांना वाटतं, माणूस एकटा राहतो, डोक्यावर परिणाम झाला असेल. तसं काही नाही. अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात सरांचा जन्म गेला. दर वर्षी प्रवेशाच्या वेळी विषय निवडायच्या टेबलावर तेच बसायचे. रिटायर झाले, पण टेबल काही सुटलं नाही, ते घरी आलं. दहावीचा निकाल लागला की आमच्या जिन्यात चपलांचा ढीग पडतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकू रोज माझ्या नावाने शंख करतात, जणू ते लोक माझ्याकडेच जेवायला आलेत.

तर पहिली वाटी झोपेची. तिच्यात सात बिया सर स्वतः टाकतात आणि वर बशी झाकतात. त्या बशीला हात लावायचा नाही. मग आंघोळ-जेवणाची वाटी, कॉलेजची वाटी, जाण्यायेण्याची वाटी. एक वाटी 'काही नाही'ची. तिच्यात एक तरी बी पडलीच पाहिजे. एवढं झाल्यावर ताटात जे उरतं त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, जीवशास्त्र, क्लास आणि जगातल्या सगळ्या परीक्षा बसवायच्या. त्या अर्थातच बसत नाहीत. मग मुलं इकडची बी तिकडे करायला लागतात आणि सरांचा ठरलेला प्रश्न येतो, "ही कुठनं काढलीस?"

देवरूखहून क्लासला येणाऱ्या एका मुलीने जाण्यायेण्याच्या वाटीतल्या बिया बायोलॉजीत टाकल्या. म्हणाली, "एसटीत वाचेन, सर." सर शांतपणे म्हणाले, "त्या वळणांवर पुस्तक उघडलंस तर शेजारच्या बाईच्या मांडीवर ओकशील गो. परत टाक." मुलीने परत टाकल्या. खरं तर ती एकदा ओकलेलीही होती, हे तिच्या आईने मला जिन्यात सांगितलं.

एकदा तर मजाच झाली. कोणाची तरी धाकटी बहीण बरोबर आली होती, तिने गुपचूप दोन बिया फ्रॉकच्या खिशात घातल्या. थोरल्या ताईचा दिवस बावीस तासांचा झाला आणि सर घाम पुसत केमिस्ट्रीला जागा शोधत बसले. शेवटी त्या मुलीला त्यांनी आर्ट्सला जा म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी तिची आई बिया परत करायला आली. सर म्हणाले, "मग ठीक आहे, सायन्स घेऊ दे."

आणि हे फक्त मुलांपुरतं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. मी योगाच्या वर्गाला नाव घातलं तेव्हा सर गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, ही कुठनं काढलीत?" मी पतपेढीत नोकरी करते, घरी येऊन स्वयंपाक करते, सासूबाई आल्या की त्यांचं पथ्यपाणी बघते. मी म्हटलं, "झोपेतनं." ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, की वर्ग सोडलात का.

यंदा आमची सई दहावी झाली. मार्क चांगले पडले आणि तिथेच आमच्या घरची शांतता गेली. आमच्या ह्यांचं स्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक एक खिळा मागायला आलं तर चार पाकिटं गळ्यात मारायची, ही ह्यांची सवय. तीच त्यांनी पोरीच्या शिक्षणाला लावली. गणितही घ्यायचं, जीवशास्त्रही घ्यायचं. पहाटे इंजिनिअरिंगचा क्लास, संध्याकाळी मेडिकलचा, मधे कॉलेज, रविवारी कम्प्युटर. का, तर दोन्ही हाताशी असलेलं बरं.

सई काही बोलली नाही. ती बोलत नाही हीच माझी काळजी होती. दहावीच्या परीक्षेआधी तिची झोप उडाली होती. एकदा शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ताण आहे. लोक ताण म्हणजे सर्दी असल्यासारखं बोलतात. ती परत तशी पडायला नको, एवढंच मला हवं होतं. ह्यांच्यापुढे माझं चालेना, म्हणून एका संध्याकाळी मी बापलेकीला धरून सरांकडे घेऊन गेले.

सरांनी सात बियांवर बशी झाकली. सई वाट्या भरत गेली. दोन क्लास घातले आणि ताट रिकामं झालं. घरी बसून अभ्यास करायला एक बी उरली नाही. 'काही नाही'च्या वाटीत तर नावालाही नव्हती.

ह्यांनी सरळ बशी उचलली आणि झोपेतल्या दोन बिया काढल्या.

"संजयराव, ठेवा त्या," सर म्हणाले.

"पाच तास झोप रगड होते, सर. मी काढली की एवढी वर्षं."

"तुम्हाला गल्ल्यावर बसून डुलकी काढता येते. तिला परीक्षेत काढता यायची नाही."

मला हसू आलं. ते ह्यांनी बघितलं, आणि नवऱ्याला बायकोचं हसू परक्या घरात जेवढं लागतं तेवढं कुठे लागत नाही.

"तुम्हाला बोलायला काय जातंय?" हे म्हणाले. "तुमच्या अमोलला तुम्ही सगळं घ्यायला लावलंत. दोन्ही परीक्षा, दोन्ही क्लास. सगळ्या गावाला माहीत आहे. तो गेला अमेरिकेत, झाला मोठा. आता आमच्या पोरीला मात्र म्हणताय, हे सोड, ते सोड. स्वतःचं घोडं गंगेत न्हालं, आता दुसऱ्यांना सांगायला मोकळे."

मी ह्यांचा सदरा मागून ओढला. उपयोग झाला नाही, बोलून झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अमोलबद्दल सरांशी कोणी बोलत नसे. तो हुशार, नावाजलेला, बारावीला कॉलेजच्या फळ्यावर फोटो लागलेला. पण सर स्वतःहून कधी त्याचं नाव काढत नसत आणि आम्हीही विचारत नव्हतो.

सर चिडले नाहीत. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "लावलं. त्याच्या दिवसात मी एक तास मोकळा ठेवला नाही. जेवतानासुद्धा समोर पुस्तक. त्याची आई म्हणायची, अहो, त्याला जरा खाली जाऊ दे, पोरं खेळतायत. मी म्हणायचो, वेळ कुठे आहे. आणि झालं ना सगळं. मी ठरवलं त्याच्याहून जास्त झालं."

मग ते सईकडे बघून बोलायला लागले, जणू आम्ही दोघं तिथे नव्हतोच.

"तो चांगला मुलगा आहे हां. रविवारी फोन करतो, चुकवत नाही. औषधं संपली का विचारतो, पाण्याचं विचारतो, सगळं विचारून झालं की म्हणतो, बाबा, अजून काही? मी म्हणतो, नाही. मग ठेवतो. नुसतं बोलत बसायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही. कुठनं असणार? मी शिकवलं नाही. त्याची आई गेली तेव्हा आला. सगळं नीट केलं त्याने, विहारातलं, नातेवाइकांचं, जेवणाचं, कुठे काही कमी पडू दिलं नाही. तेवढं सगळं केलं, पण माझ्याजवळ येऊन बसावं हे काही त्याला सुचलं नाही. त्याला बोलावून जवळ बसवावं हे मलाही सुचलं नाही."

सई रडायला लागली. मी काही लाजत नाही सांगायला, माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते.

सरांना रडणाऱ्या मुलींची सवय होती, प्रवेशाच्या टेबलावर दर वर्षी दोन-चार रडायच्याच. त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "गो, तुला सोडवणार नाही असं काय आहे ह्यात?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की निकाल लागल्यापासून घरात एवढी भांडणं झाली, पण हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"जीवशास्त्र," सई म्हणाली. "गणित मला येतं, सर, पण ते करताना मला भीती वाटते. जीवशास्त्रात नाही वाटत."

"मग संपलं. गणिताचा मास्तर सांगतोय, गणित सोड," सर म्हणाले. "भूगोल घे त्याच्या जागी. एकच क्लास, संध्याकाळचा. पहाटे झोपायचं."

सई ह्यांच्याकडे बघत राहिली. हे उठले आणि 'दुकान उघडं टाकून आलोय' असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. दुकानात गडी होता, ते मला ठाऊक होतं. जेवताना विषय निघाला नाही. मी काढला नाही, सईने काढला नाही, आणि मला रात्रभर वाटत राहिलं, की आता हा माणूस हट्टाला पेटणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासवाल्यांचा फोन आला. सईचे वडील सकाळी येऊन तिचं पहाटेच्या बॅचमधलं नाव काढून गेलेत, ते कायमचं काढायचं का, असं विचारत होते. मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी हे दुकानातून लवकर आले. हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि काही न सांगता बाहेर पडले. शेजारची बेल वाजलेली मी ऐकली. आमची दारं समोरासमोर आहेत आणि माझं दार उघडं होतं. मुद्दाम ऐकायला उभी राहिले नव्हते, पण आत गेलेही नाही.

सरांनी दार उघडलं. "या संजयराव. काय, भूगोलाचं काही अडलंय?"

"नाही."

"क्लासची वेळ जमत नाही?"

"ते झालं सगळं. तसं काही काम नाही, सर." हे उंबऱ्यावर अवघडून उभे होते. "म्हटलं, जरा येऊन बसावं."

सर काही क्षण दार धरून उभेच राहिले. मग बाजूला झाले. हे आत जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने दोघांचं टाकीच्या पाण्यावर बोलणं सुरू झालं. ह्यांना माफी मागता येत नाही. पाण्याच्या मोटारीवर मात्र हा माणूस तासभर बोलू शकतो.

मी पोळ्या लाटायला घेतल्या, तेवढ्यात सर माझ्या दारात आले. हातात चहाचं भांडं. सरांकडे इतकी वर्षं एवढी माणसं आली, पण सगळी कामापुरती येणारी, विचारून उठणारी. चहा घेण्याइतकं कोणी थांबलं नव्हतं.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "दोन माणसांच्या चहाला पाणी किती घेतात हो? ही गेल्यापासून मी एकट्याचाच करतो."

उभा जन्म गणित शिकवलेला माणूस. मी त्यांच्या हातातून भांडं घेतलं, पाणी घातलं आणि त्यांना परत दिलं.